सारखे दिसणारे शब्द आणि आपलं वऱ्हाड



इंग्रजीतले सारखे वाटणारे, पण अर्थाने निराळे असलेले शब्द ओळखायला शिकवणं हे माझं कितीतरी वर्षांचं काम होतं. मराठी माध्यमाच्या मुलांना ते अवघड जायचं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आपल्या देवनागरीत 'प्रिन्सिपल' एकदाच लिहिलं की मुख्याध्यापक, मुद्दल आणि तत्त्व असे तिघेही एकाच पाटावर येऊन बसतात. इंग्रजीत मात्र स्पेलिंगच्या शेवटी ए-एल आलं तर मुख्य किंवा मुद्दल, आणि एल-ई आलं तर तत्त्व. 'सीड'चंही तसंच. आपल्या कापसाच्या मुलखात 'सीड' म्हटलं की डोळ्यांपुढे सरकी येते. पण त्याच उच्चाराचं स्पेलिंग सी-ई-डी-ई असं केलं की अर्थ होतो मुलूख तोडून देणे, हक्क सोडून देणे.

हे उच्चारामुळे होणारे घोटाळे. त्याहून अवघड घोटाळे अर्थाचे असतात. दोन शब्द शब्दकोशात शेजारीशेजारी बसतात, मराठीत दोघांनाही 'देणे' म्हणून मोकळं होता येतं, पण कागदावर सही झाली की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. "बाई, एवढ्या बारीक फरकानं काय बिघडते?" असं वर्गात कोणी ना कोणी विचारायचंच. त्याचं उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नाही. ते आपल्या वऱ्हाडच्या इतिहासात आहे. आपला सगळा मुलूख जवळजवळ शंभर वर्षं अशाच तीन-चार इंग्रजी शब्दांवर टांगलेला होता. आज तीच गोष्ट जरा सविस्तर लिहिते.

आधी ते शब्द समजून घेऊ. शेतीवाडीच्या माणसाला ते समजायला इंग्रजी यावं लागत नाही. समजा, तुमचं एक वावर आहे. ते खरेदीखत करून दुसऱ्याला दिलंत, तर संपलं. वावर गेलं. हे झालं 'सीड'. तेच वावर कर्ज फिटेपर्यंत किंवा एखाद्या ठरलेल्या खर्चासाठी दुसऱ्याकडे लावून दिलंत, म्हणजे पीक त्यानं घ्यावं, खर्च भागवावा, उरलेलं तुम्हाला द्यावं, आणि मालक तुम्हीच, तर हे झालं 'असाइन'. विश्वासानं कोणाकडे सांभाळायला दिलंत तर 'ट्रस्ट', म्हणजे ठेव किंवा अमानत. आणि दरसाल ठरलेली रक्कम घेऊन मक्त्यानं, ठोक्यानं दिलंत तर 'लीज'. चारही वेळा वावर दुसराच वाहतो. बांधावर उभं राहून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही. फरक असतो तो फक्त कागदात.

आता इतिहास.

वऱ्हाडात पूर्वी दोअमली कारभार होता. महसुलात निजामाचाही वाटा आणि नागपूरकर भोसल्यांचाही. अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेच्या काठी जो असदगड उभा आहे तो त्याच्याही आधीचा, औरंगजेबाच्या काळातला, 1697च्या सुमाराचा. 1803 साली इंग्रजांचं शिंदे-भोसल्यांशी युद्ध झालं. 29 नोव्हेंबरला आपल्याच जिल्ह्यातल्या अडगावजवळ लढाई झाली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि 1804 साली तो इंग्रजांचा मित्र म्हणून निजामाला मिळाला. दोअमल संपला आणि जवळजवळ सगळं वऱ्हाड निजामाचं झालं.

पण ही मैत्री निजामाला फार महाग पडली होती. त्याच्याकडे इंग्रजांची एक कायमची फौज आली होती. तिचं नाव सब्सिडियरी फोर्स, आपण तिला तैनाती फौज म्हणतो. तिच्या खर्चापोटी 1800 सालच्या तहानं निजामानं बेल्लारी, अनंतपूर, कडप्पा आणि कर्नूलचा काही भाग कंपनीला देऊन टाकला. इथे शब्द होता 'सीड'. त्या जिल्ह्यांचं नावच 'सीडेड डिस्ट्रिक्ट्स' पडलं. तिथल्या लोकांना ते नाव बोचत असे. 1928 साली त्यांनी 'रायलसीमा' हे नाव घेतलं. गंमत म्हणजे तेलुगू सिनेमाच्या धंद्यात वितरणाचा तो भाग अजूनही 'सीडेड' म्हणूनच ओळखला जातो. शब्द किती चिवट असतात पाहा. तो मुलूख मात्र निजामाला परत मिळाला नाही, आणि तो मागण्याला कागदात आधारही नव्हता. दिलेलं ते दिलेलं.

याच तहात आणखी एक कलम होतं. युद्ध झालं तर निजामानं आपलं सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ इंग्रजांच्या मदतीला द्यावं. युद्ध झालं तर, हे लक्षात ठेवा. पण हैदराबादच्या रेसिडेंटांनी पुढच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक दुसरीच फौज उभी केली आणि ती शांततेच्या काळातही कायम ठेवली. तिचं नाव 'कंटिंजंट'. आता हा शब्दही दुहेरी आहे. नाम म्हणून घेतला तर सैन्याची तुकडी. विशेषण म्हणून घेतला तर 'अमुक घडलं तरच', म्हणजे सशर्त. तहातली मदत सशर्त होती आणि प्रत्यक्षातली तुकडी बिनशर्त होऊन बसली. तैनाती फौज वेगळी आणि कंटिंजंट वेगळी, हा फरक इतिहासाच्या पुस्तकांतही बऱ्याचदा पुसला जातो. पण आपलं वऱ्हाड गेलं ते या दुसऱ्या फौजेपायी.

या कंटिंजंटचा पगार निजामाच्या नावावर पडत असे. खजिना रिकामा असला की पैसे कंपनी देई आणि ते व्याजासकट निजामाच्या खात्यावर मांडी. 1853 पर्यंत हा आकडा चाळीस लाखांच्या पुढे गेला. इथे मला आपले ते दोन 'प्रिन्सिपल' आठवतात. निजामाचं म्हणणं एल-ईवाल्या प्रिन्सिपलचं होतं. शांततेच्या काळात ही फौज पोसायला मी तहानं बांधलेला आहे का, हा त्याचा तत्त्वाचा प्रश्न. कंपनी मात्र ए-एलवाल्या प्रिन्सिपलवर अडून बसली होती. मुद्दल किती आणि व्याज किती, तेवढंच बोला. विशेष म्हणजे तहाप्रमाणे निजामावर असं बंधन निघत नाही, हे गव्हर्नर-जनरल डलहौसीनं स्वतःच कबूल केलेलं आहे. पण तत्त्व कबूल केल्यानं मुद्दल सुटलं नाही.

डलहौसीला मुलूख कायमचा हवा होता. मसुद्यात 'इन परपेच्युइटी', म्हणजे निरंतर, अशी मागणी होती. निजाम नासिरुद्दौला त्याला काही केल्या राजी होईना. रेसिडेंट कर्नल लो यांच्याशी वाटाघाटी झाल्या, दडपणं आली, आणि शेवटी 21 मे 1853च्या तहात 'निरंतर' हा शब्द गेला. 'सीड'ही आला नाही. राहिला तो 'असाइन'. वऱ्हाड, धाराशिवकडचा भाग आणि रायचूरचा दुआब असा सुमारे पन्नास लाख उत्पन्नाचा मुलूख फौजेच्या खर्चासाठी कंपनीकडे लावून दिला. रेसिडेंटानं दरसाल खरा हिशेब द्यावा आणि खर्च जाऊन उरेल ते निजामाला द्यावं, असं कलम पडलं. तेव्हापासून सरकारी कागदांत आपलं नाव झालं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'.

शेजारी काय झालं तेही पाहा. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि 1854 साली डलहौसीनं नागपूर खालसा केलं. तिथला शब्द 'अनेक्स'. म्हणजे वर्धा नदीच्या पलीकडचा शेतकरी इंग्रजांच्या राज्याचा प्रजाजन झाला आणि अलीकडचा शेतकरी निजामाच्या प्रजेतच राहिला, फक्त सारा इंग्रज साहेबाकडे भरू लागला. नदी तीच, माती तीच, कापूसही तोच.

1857च्या धामधुमीत हैदराबाद इंग्रजांच्या बाजूला राहिलं. त्याचं बक्षीस म्हणून 26 डिसेंबर 1860 रोजी नवा तह झाला. निजामाचं पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं, आणि आता नवा शब्द आला, 'इन ट्रस्ट'. ऐकायला किती गोड! पण त्याच तहात निजामानं हिशेब मागण्याचा हक्क सोडला, मागचा, चालू आणि पुढचाही. शिल्लक द्यायची होती, पण मुलकी कारभारावर किती खर्च करायचा ते इंग्रजांनी आपल्या मर्जीनं ठरवायचं होतं. आता मला सांगा, ज्या ठेवीचा हिशेब विचारता येत नाही तिला ठेव कसं म्हणायचं? शब्द 1853 पेक्षा मऊ झाला होता आणि पकड 1853 पेक्षा घट्ट झाली होती.

ही पकड घट्ट का झाली, तर कापूस. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. 1867 पर्यंत मुंबईची रेल्वे अकोला-बडनेरा करत नागपूरला पोचली. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची शाखा सुरू झाली. अमरावती हे पूर्व वऱ्हाडचं आणि आपलं अकोला हे पश्चिम वऱ्हाडचं ठाणं बनलं. मोर्णेच्या अलीकडे जुनं शहर आणि पलीकडे कचेऱ्या, बंगले, स्टेशन, ही आपल्या गावाची विभागणी त्याच काळातली. इतकं सगळं 'सांभाळायला घेतलेल्या' वावरात उभं राहिल्यावर ते कोण परत देतो?

तरी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी चिकाटी सोडली नाही. फौजेच्या खर्चाची हमी रोख रकमेनं देतो, मुलूख परत करा, असं ते सांगत राहिले. 1876 साली ते थेट विलायतेला गेले. पण निजाम मीर महबूब अली अजून अज्ञान आहेत, तेव्हा हा प्रश्न आत्ता नको, असं उत्तर मिळालं. 1883 साली सालारजंग वारले. त्यांचा सगळा दावा 'असाइन म्हणजे सीड नव्हे' एवढ्या एका वाक्यात मावतो.

मग आला लॉर्ड कर्झन. त्याआधी 1896-97 आणि 1899-1900 अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळलं होतं. 5 नोव्हेंबर 1902 रोजी नवा करार झाला. वऱ्हाडवरचं निजामाचं सार्वभौमत्व मान्य, पण मुलूख इंग्रजांना 'लीज इन परपेच्युइटी'नं, म्हणजे निरंतर मक्त्यानं, दरसाल पंचवीस लाख रुपयांवर. ज्या एका शब्दासाठी 1853 साली निजाम अडून बसला होता तो 'परपेच्युइटी' एकोणपन्नास वर्षांनी मागच्या दारानं आत आला, 'लीज'चं बोट धरून. आता मक्ता म्हटला की मुदत आलीच. कधीच न संपणारा मक्ता आणि विक्री यांत मालकाच्या हाती काय फरक उरतो? उरतं ते नाव आणि वर्षाचे पंचवीस लाख. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर सातावर नाव निजामाचं आणि बारावर वहिवाट इंग्रजांची. 1903 साली कंटिंजंट हिंदी सैन्यात मिसळून टाकली आणि वऱ्हाडचा कारभार नागपूरच्या मध्यप्रांताला जोडला. ज्या फौजेच्या खर्चासाठी हे सगळं झालं ती फौज गेली, मक्ता राहिला.

तुम्ही म्हणाल, मग शब्दांना काय अर्थ राहिला? ज्याच्या हाती काठी त्याचाच अर्थ! हे निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं पुढे पाहा.

वऱ्हाड 'सीड' झालं नव्हतं, म्हणून ते कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हतं. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागू होत नसे, तो वेगळ्या हुकमानं लावावा लागे. 1919च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कौन्सिलात वऱ्हाडचे प्रतिनिधी गेले तेव्हा तर मोठी मौज झाली. लोकांनी त्यांना मतं देऊन निवडून द्यायचं, आणि मग सरकारनं त्यांना रीतसर नेमायचं. कारण परक्या राजाच्या प्रजेचे प्रतिनिधी थेट 'इलेक्टेड' कसे म्हणायचे? म्हणून ते कागदावर 'नॉमिनेटेड'. निवडलेले आणि नेमलेले हे परीक्षेत विरुद्धार्थी म्हणून विचारावेत असे शब्द, आणि आपल्याकडे एकच माणूस एकाच वेळी दोन्ही होता!

आणि त्या जुन्या 'असाइन'च्या जोरावर सातवे निजाम मीर उस्मान अली यांनी 1923 पासून वऱ्हाड परत मागायला सुरुवात केली. इथल्या लोकांचा त्याला विरोध होता. इतक्या वर्षांत इथे कौन्सिलं आली होती, वर्तमानपत्रं आली होती, टिळकपक्षाचं राजकारण रुजलं होतं. पुन्हा निजामी कारभारात जायची कोणाची इच्छा नव्हती. 27 मार्च 1926च्या पत्रानं लॉर्ड रीडिंगनं निजामाला स्पष्ट नकार दिला. पण नाव काही गेलं नाही. 1936 साली निजामाला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम' असा किताब मिळाला आणि त्याचा मोठा मुलगा आझम जाह 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला. वऱ्हाडावर एक दिवसही राज्य न केलेला वऱ्हाडचा राजपुत्र! 1947 साली स्वातंत्र्य आलं तेव्हाही हा गुंता शिल्लक होताच. तो कायमचा सुटला तो 1948च्या सप्टेंबरात हैदराबादवर पोलीस कारवाई झाल्यावर आणि 1950 साली राज्यघटना लागू झाल्यावर.

म्हणजे बघा, शब्दानं मुलूख परत मिळवून दिला नाही. पण शब्दानं दावा जिवंत ठेवला, पंचाण्णव वर्षं. रायलसीमेवर असा दावा कोणी करू शकलं नाही. 'सीड' आणि 'असाइन' यांत एवढा फरक आहे. आणि या सगळ्या तहांमध्ये, करारांमध्ये एक गोष्ट कुठेच नाही. या मुलखात राहणाऱ्या माणसाला एकदाही कोणी विचारलं नाही. वावराबद्दल दोघे भांडले, कागद झाले, आणि वावरात राबणाऱ्याचा अंगठासुद्धा कोणी घेतला नाही. मला या इतिहासात सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

मंडळी, यातून मी एक साधी रीत काढली. दोन इंग्रजी शब्द सारखे वाटले आणि ते सही करायच्या कागदावर असले, तर तीन प्रश्न विचारायचे. मालक कोण राहतो? परत कधी मिळणार? आणि हिशेब कोण, कोणाला देणार? या तीन प्रश्नांनी 'सीड', 'असाइन', 'ट्रस्ट' आणि 'लीज' चटकन वेगळे होतात. 1860च्या तहाला तिसरा प्रश्न विचारा, त्यातला 'ट्रस्ट' उघडा पडतो. 1902च्या कराराला दुसरा विचारा, त्यातला 'लीज' उघडा पडतो.

आणि हे फक्त राजेरजवाड्यांचं नाही हो. पुण्या-मुंबईला घर भाड्यानं देताना 'लीज' आणि 'लीव्ह अँड लायसन्स' यांत आपली मंडळी सर्रास घोटाळा करतात. लीजनं भाडेकरूला त्या जागेत एक हक्क मिळतो, लायसन्सनं मिळते ती फक्त वापरायची परवानगी. तसंच 'नॉमिनी'चं. बँकेतल्या ठेवीवर नॉमिनी म्हणून नाव लागलं की आपण मालक झालो, असं कितीतरी घरांत समजतात आणि भावाभावांत वितुष्ट येतं. नॉमिनी म्हणजे पैसे हाती घेणारा. ते पैसे कोणाचे, हे मृत्युपत्रावरून किंवा वारसा कायद्यावरून ठरतं. इंग्रजांनी वऱ्हाड 'ट्रस्ट' म्हणून घेतलं आणि आपलंच समजून वापरलं, तसं आपल्या घरात होऊ नये एवढंच.

आमच्या नातवंडांच्या तोंडी 'असाइनमेंट' हा शब्द दिवसातून दहा वेळा असतो. त्यांचा अर्थ गृहपाठ. तोही बरोबरच आहे, नेमून दिलेलं काम ते. पण ज्या मातीत त्यांचे पणजोबा, खापरपणजोबा राबले ती मातीच एके काळी 'असाइन्ड' होती, हेही त्यांना ठाऊक असावं म्हणून हा प्रपंच. घरातल्या मुलांना जरूर वाचून दाखवा. आणि पुढच्या वेळी बँकेत फॉर्म भरताना पेन टेकवण्याआधी ते तीन प्रश्न आठवा.

असो. फार लांबलं. सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.